एल्डनची मागची दोन चाकं

मे महिन्यातल्या एका शनिवारी सकाळी एल्डन टीमायरने गॅरेजचं दार आतून लावून घेतलं, आणि दुपारच्या जेवणापर्यंत अख्ख्या प्लम होलोला कळलं की एल्डनचं काहीतरी चाललंय. आयोवातल्या त्या गावात गॅरेजचं दार उघडंच असतं. माणूस आत काम करत असतो, येणारा-जाणारा डोकावतो, उलट्या बादलीवर बूड टेकतो, न विचारलेला सल्ला देतो आणि पुढच्या गॅरेजकडे जातो. दार लावून काम करणारा म्हणजे एक तर घरात भांडून आलेला, नाहीतर गाडीत नियमाबाहेरचं काही बसवणारा. एल्डनच्या बाबतीत दोन्ही नव्हतं. जे होतं ते याहून वाईट होतं, आणि दहा महिने त्याने ते कोणालाही सांगितलं नव्हतं.

झालं होतं ते असं. दर जुलैत काउंटीची, म्हणजे जिल्ह्याची, जत्रा भरते, आणि जत्रेच्या रविवारी दुपारी मातीच्या ट्रॅकवर बायकांची शर्यत होते. गाड्या नवऱ्यांच्या, चालवायच्या बायकांनी. नवरे वर्षभर या गाड्यांना जिवापाड जपतात आणि त्या दिवशी कुंपणाला धरून उभे राहून जीव मुठीत घेतात. एल्डनची बायको आर्लिस एकोणीस वर्षं ट्रॅकशेजारच्या मनोऱ्यावर बसून पेन्सिलीने फेऱ्या मोजायची. कुठली गाडी कितव्या फेरीत आहे यावरून आजवर भांडणं पुष्कळ झाली, पण आर्लिसचा कागद आला की भांडण मिटायचं. गेल्या वर्षी, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी, ती जेवताना सहज म्हणाली, "एकदा चालवून बघावी म्हणते." एल्डनला इतका आनंद झाला की गाडी तयार करताना त्याचं भान सुटलं.

मातीच्या गोल ट्रॅकवर गाड्या कायम डावीकडेच वळतात. म्हणून मागचं उजवं चाक डाव्यापेक्षा घेराने तीन-चार बोटं मोठं ठेवतात. कागदी पेला आडवा करून ढकलला की तो जसा गोल फिरतो, तशी मग गाडी आपसूक वळणात शिरते. हे प्लम होलोतल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. एल्डनने मोठं चाक डावीकडे बसवलं आणि लहान उजवीकडे.

त्यामुळे आर्लिसची एकसष्ट नंबरची गाडी पहिल्याच वळणावर थेट भिंतीकडे निघाली. तिथून ती गर्रकन फिरली, मागच्या तीन गाड्यांना आडवी झाली आणि प्रेक्षकांकडे तोंड करून बंद पडली. लाउडस्पीकरवरचा माणूस म्हणाला, "मंडळी, आर्लिस खास आपल्याला भेटायला आली आहे!" दोन हजार माणसं हसली. आर्लिस गाडीतून उतरली, हेल्मेट काखेत मारलं आणि कोणाकडेही न बघता चालत बाहेर गेली.

त्याच संध्याकाळी चाकं उतरवताना एल्डनला आपला पराक्रम दिसला, आणि त्याने टायरांवर घाईघाईने ताडपत्री टाकली. तो लगेच सांगणार होता. पण त्या दिवशी आर्लिस बोलायच्या मनःस्थितीत नव्हती. दुसऱ्या दिवशी शेजारची लव्हॉन येऊन बसली. तिसऱ्या दिवशी, दोन दिवस का सांगितलं नाही, हेही सांगावं लागणार होतं. आठवड्याने तर मूळ चुकीपेक्षा गप्प बसण्याची चूक मोठी झाली, आणि मग दर आठवड्याला ती वाढतच गेली.

शिवाय एल्डनच्या नोकरीचा प्रश्न होता. तो काउंटीच्या कचेरीत वाहन परवान्याची परीक्षा घ्यायचा. सत्तावीस वर्षं लोकांच्या शेजारच्या सीटवर मांडीवर कागद लावलेली पाटी ठेवून बसणं आणि आरशात न बघणाऱ्यांवर फुली मारणं हे त्याचं काम. गावातल्या निम्म्या लोकांना त्याने एकदा तरी नापास केलेलं होतं, आणि तेही अतिशय सभ्यपणे. अशा माणसाला डावं-उजवं कळत नाही हे बाहेर पडलं असतं, तर सोमवारी सकाळी कचेरीत बसायचं कोणत्या तोंडाने?

आर्लिसने मनोऱ्यावरची पेन्सिल लव्हॉनच्या हवाली केली आणि ट्रॅकवर जाणं सोडलं. शनिवारच्या शर्यतींना सगळं गाव तिकडे जायचं तेव्हा ती परसात घेवड्याची खुरपणी करायची. भांडली नाही, रडली नाही. एल्डनला कॉफी वेळेवर मिळत होती. फक्त त्याच्याकडे बघताना ती कधीकधी अर्धा क्षण जास्त थांबायची, आणि एल्डन घाईघाईने साखर मागायचा. तो साखर घेत नसे.

चूक कबूल न करता ती दुरुस्त करायची, हा मार्ग पुरुषांनी फार पूर्वी शोधून ठेवलेला आहे. एल्डनने ठरवलं, यंदा गाडीला मातीत अशी पकड द्यायची की आर्लिस बाराच्या बारा फेऱ्या झोकात पुऱ्या करील. गाव वाहवा करील, तिचं नाव तिला परत मिळेल आणि आपल्याला तोंड उघडावंच लागणार नाही. त्यासाठी खरं म्हणजे चाकांची अदलाबदल पुरेशी होती. दहा मिनिटांचं काम. पण मनात दहा महिने साठलेलं दहा मिनिटांत निघत नाही. म्हणून त्याने टायरमध्ये खाचा पाडायला घेतल्या.

तापलेल्या पात्याने रबर कापलं की वास सुटतो. त्या वासाच्या मागावर डेलबर्ट क्रूसे आला आणि त्याने दार ठोठावलं. डेलबर्ट डुकरं पाळायचा, आणि दार बंद असणं म्हणजे आत येऊ नका, असा अर्थ त्याला आयुष्यात कोणी शिकवला नव्हता.

"अरे एल्डन, मेलास की काय आत?"

"काम चाललंय."

"ते नाकाला कळलंच. उघड."

डेलबर्टने टायर पाहिले, जीभ टाळ्याला लावून आवाज केला आणि म्हणाला, "आडव्या खाचा कशाला पाडल्यास? तिरक्या पाड. आणि हवा कमी कर. मऊ टायर माती धरतो."

"पुस्तकात आडव्या आहेत."

"पुस्तक लिहिणारा इथं येऊन गाडी चालवणार आहे का?"

दुसऱ्या दिवशी हार्लन सर आले. ते निवृत्त विज्ञानशिक्षक. एल्डनला त्यांनी नववीत शिकवलं होतं आणि अजून त्याच्याकडे ते गृहपाठ राहिलेल्या मुलाकडे बघावं तसे बघायचे. त्यांनी खाचांकडे पाहिलंसुद्धा नाही.

"पकड टायरमधून येत नाही, टीमायर. पकड वजनातून येते. मागच्या डाव्या चाकावर भार वाढव. ते मातीत रुतेल आणि गाडीला पुढं रेटेल. आता सांग, तुझ्या चारही चाकांवर किती किती वजन आहे?"

"माहीत नाही, सर."

"माहीत नाही," सर डेलबर्टला म्हणाले, जणू तो वर्गातला दुसरा मुलगा होता. "आणि हे गाडी तयार करतायत."

झालं. आता चार चाकांखाली चार काटे हवेत. डेलबर्टकडे डुकरं तोलायचा एक होता. बाकीचे तीन त्याने तीन शेतांवरून मागून आणले, धुण्याच्या फंदात न पडता. गॅरेजमध्ये असा काही दर्प भरला की आर्लिसने स्वयंपाकघराची खिडकी लावून घेतली. मग वजन डावीकडे आणि मागे नेण्यासाठी शिशाच्या विटा आल्या, त्या कुठं आवळायच्या यावर दोन संध्याकाळी वाद झाला, मागची स्प्रिंग बदलली, ती बदलली म्हणून पुढची बदलली. दार आता सताड उघडं होतं आणि बादल्या कमी पडत होत्या.

या सगळ्या गडबडीत एक बारीकशी गोष्ट राहून गेली होती. एल्डनने आर्लिसला विचारलंच नव्हतं.

तिच्या नावाचा अर्ज त्याने परस्पर भरून पाठवला होता. तो चार दिवसांनी परत आला. वर लाल शाईत शेरा होता : 'गाडीमालक व चालक यांच्या सह्या एकाच हस्ताक्षरात आहेत.' शेरा ऑरिन श्टुम्फचा होता. ऑरिन म्हणजे ट्रॅकचा तपासनीस. बावीस वर्षांपूर्वी गाडी मागे घेताना खांबाला लावली म्हणून एल्डनने त्याला नापास केलं होतं. इतरांच्या अर्जांवर तो एवढा वेळ घालवत नसे.

नाइलाजाने एल्डन अर्ज घेऊन स्वयंपाकघरात गेला. आर्लिस वाटाणे सोलत होती.

"आर्लिस, बायकांची शर्यत आहे."

"दरवर्षीच असते."

"गाडी यंदा फार चांगली झाली आहे."

"बरं."

"तू चालवशील का?"

आर्लिसने एक शेंग सोलली, मग दुसरी. "यंदाच चांगली का झाली?" तिने विचारलं.

एल्डनला समोर सरळ वाट दिसत होती. दोन वाक्यांत काम झालं असतं. "हार्लन सरांनी खूप मदत केली," तो म्हणाला.

"बघू," आर्लिस म्हणाली. वाटाणे संपले होते तरी ती टोपलीत हात घालून बसली.

आता खरी पंचाईत पुढेच होती. काटे मांडून झाले, गाडी वर चढवली, आणि हार्लन सर म्हणाले, "चालक आत बसल्याशिवाय या आकड्यांना काही अर्थ नाही. चालक डाव्या बाजूला बसतो. सगळा हिशेब त्याच्यावर. हं, टीमायर, किती?"

"किती काय, सर?"

"आर्लिसचं वजन."

डेलबर्टने काट्यावर डोळे लावले. एल्डनचा एकतीस वर्षांचा संसार सुखाचा झाला होता, त्याचं एक कारण म्हणजे हा प्रश्न त्याने कधी तोंडातून काढला नव्हता.

"डेलबर्ट," सर म्हणाले, "तुला अंदाज येईल."

डेलबर्ट नुसत्या नजरेने डुकराचं वजन दोन पौंडांच्या आत सांगायचा. लिलावात लोक काट्याआधी त्याच्याकडे बघायचे. त्याने टोपी डोळ्यांवर ओढली. "मला येतो, सर. पण मला अजून जगायचंय."

"मग तिला टबमध्ये बसवून सांडलेलं पाणी मोजता येईल," सर म्हणाले. त्यांनी लग्न केलेलं नव्हतं.

शेवटी एल्डननेच निर्णय घेतला. तळघरातून जड पाणी मऊ करायच्या यंत्रात घालतात त्या मिठाची पोती आणली, एकेक चाळीस पौंडांचं. तीन पोती चालकाच्या सीटवर रचली, त्यांना पट्टा बांधला आणि वर हेल्मेट ठेवलं. एकशेवीस पौंड. लग्नाच्या दिवशी आर्लिसला उचलून उंबरठा ओलांडताना त्याच्या हातांना जे वजन कळलं होतं, ते हेच. त्यानंतर ते बदललं असेल अशी शंका त्याला कधी आली नव्हती, किंवा आली असली तरी त्याने ती जवळ फिरकू दिली नव्हती.

"तीन?" डेलबर्ट हळूच म्हणाला.

"तीन."

"गड्या, गाडी खोटं ऐकून घेते रे. पण मग वळणावर ते बाहेर काढते."

तेवढ्यात दारात आर्लिस येऊन उभी राहिली. दहा महिन्यांत ती पहिल्यांदाच गॅरेजपाशी आली होती. तिने काटे पाहिले, तीन माणसं पाहिली, तिघांनी तीन दिशांना वळवलेली तोंडं पाहिली. मग ती खिडकीशी वाकली.

"हे कोण?"

"तू," एल्डन म्हणाला.

आर्लिसने पोती मोजली. मोजायला तिला वेळ लागत नसे. तिच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं आणि थांबलं. एल्डनला वाटलं, आता मेलो. पण ती सरळ कोपऱ्यात गेली, चौथं पोतं उचलून छातीशी धरलं, आणलं आणि सीटवर टाकलं. मग पाचवं फोडलं. कॉफीच्या रिकाम्या डब्यात मीठ भरलं आणि ओतलं. एक डबा. दोन डबे. तिसरा भरताना थबकली, त्यातलं थोडं परत पोत्यात सोडलं, थोडा विचार केला, आणि सोडलेलं पुन्हा डब्यात घेतलं.

"एवढं," ती म्हणाली. तिचा चेहरा लाल झाला होता, पण मान ताठ होती. "कपड्यांसकट. आता मोजा."

डेलबर्टने टोपी काढून हातात घेतली. "अगदी बरोबर," तो म्हणाला, आणि त्यात चेष्टेचा लवलेश नव्हता.

"अर्ज कुठाय?"

एल्डनने खिशातून अर्ज काढला. तिने तो गाडीच्या टपावर ठेवून सही केली, ठसठशीत. "गाडी नीट चालायची तर खरं सांगावं लागतं, नाही का हो सर?" ती म्हणाली.

"पदार्थविज्ञानाचा तोच तर नियम आहे," सर खूश होऊन म्हणाले.

आर्लिसने एल्डनकडे पाहिलं, तोच अर्धा क्षण जास्त. मग ती घरात गेली. एल्डन त्या फुटक्या पोत्यापाशी उभा राहिला. तिघा पुरुषांसमोर तिने जे केलं ते करायला किती बळ लागलं असेल हे त्याला कळत होतं, आणि आपल्या अंगात त्याच्या दशांशही नाही हेही कळत होतं. त्याला स्वतःची लाज वाटली. तरी त्याने त्या दिवशी सांगितलं नाही. माणूस असाच असतो.

जत्रेच्या रविवारी दुपारी ऑरिन श्टुम्फने एकसष्ट नंबरच्या गाडीभोवती सात चकरा मारल्या. मग खाली वाकून टॉर्च मारला आणि समाधानाने उठला.

"शिशाच्या विटा पांढऱ्या हव्यात. नियम अकरा."

"पांढऱ्याच आहेत," एल्डन म्हणाला.

"हा रंग सायीचा आहे."

"ऑरिन, साय पांढरी असते."

"मागे घेताना मी खांबाला नुसता स्पर्श केला होता," ऑरिन म्हणाला. "तू काय म्हणाला होतास? 'नियम म्हणजे नियम, श्टुम्फसाहेब.'"

शर्यतीला चाळीस मिनिटं राहिली होती. डेलबर्ट गुरांच्या मांडवाकडे धावला आणि प्रदर्शनातल्या गाईंचे पाय पांढरेशुभ्र दाखवायला मारतात तो फवारा घेऊन आला. एल्डन गाडीखाली उताणा शिरला आणि फवारा मारला. विटा पांढऱ्या झाल्या, एल्डनच्या भुवयाही झाल्या. ऑरिनने बराच वेळ दोन्हींकडे पाहिलं आणि तपासणीत पास झाल्याचा बिल्ला चिकटवला.

मग आर्लिसला गाडीत बसवायची वेळ आली. एल्डनने तिचे पट्टे आवळले, आधी कमरेचे, मग खांद्यांचे. तिचे हात स्टेअरिंगवर शांत होते. कपाळावर मात्र घाम होता.

"भीती वाटतेय?" त्याने विचारलं.

"वाटतेय," ती म्हणाली. "पहिल्या वळणाची. पुन्हा तसंच झालं तर मी या गावात मान वर करून चालू शकणार नाही, एल्डन. लोक हसले त्याचं नाही. मला वाटायला लागलं होतं, खरंच आपल्याला जमत नसेल."

एल्डनने खांद्याचा पट्टा पुन्हा ओढून पाहिला. ती त्याच्याकडे बघत होती.

"काही सांगायचंय तुला?" तिने विचारलं.

"पट्टा..." एल्डन म्हणाला. "घट्ट आहे ना?"

आर्लिसचा चेहरा हळूच मिटला. तिने हेल्मेटची काच खाली ओढली. "घट्ट आहे," ती आतून म्हणाली.

गाड्या सुरू झाल्या, नऊच्या नऊ, आणि ट्रॅककडे निघाल्या. नवरे कुंपणाकडे पळाले. एल्डन जागच्या जागी उभा राहिला. त्याला पहिल्यांदाच लख्ख दिसलं की ती आज जिंकली असती तरी काही परत मिळणार नव्हतं. लोक म्हणाले असते, शिकली बाई एका वर्षात. गेल्या वर्षीचं खापर तिच्याच डोक्यावर राहिलं असतं, आणि तिच्या स्वतःच्या मनातही. चांगल्या टायरने ते उतरत नाही.

तो वळला आणि मनोऱ्याच्या शिडीवर चढू लागला. सत्तावन्न वर्षांचा, पोटाचा घेर मागच्या उजव्या चाकाइतका, भुवया पांढऱ्या. वर जाईपर्यंत सुरुवातीचं हिरवं निशाण पडलं होतं.

दारात पेन्सिल घेऊन लव्हॉन होती. "वर यायला पिवळा बिल्ला लागतो. तुझा निळा आहे."

"लव्हॉन, मला माइक हवाय."

"गाडीवाल्यांना मनोऱ्यावर मनाई आहे. हरवलं-सापडलं सांगायचं असेल तर गाईंच्या मांडवाशी."

"माझं काही हरवलेलं नाही!"

"मग खाली जा बघू. मला मोजू दे. दोन झाल्या. आर्लिस सरळ चाललीय अजून, बिचारी. मी म्हणत होते तिला, काही हात पेन्सिलीसाठीच असतात."

"तिचे हात चांगले आहेत!" एल्डन इतक्या जोरात ओरडला की लाउडस्पीकरवाला दचकला. "चूक माझी होती. गेल्या वर्षी मागची चाकं मी उलटी बसवली होती. मोठं डावीकडे, लहान उजवीकडे. तशा गाडीत कोणीही फिरलं असतं. मी सांगितलं नाही. एक वर्ष मी सांगितलं नाही, लव्हॉन."

लव्हॉनची पेन्सिल हवेत राहिली. ती त्याच्याकडे बघत राहिली, त्याच्या पांढऱ्या भुवयांकडे. मग तिने लाउडस्पीकरवाल्याच्या हातातला माइक काढून घेतला आणि एल्डनच्या हातात दिला.

एल्डनला भाषणाची सवय नव्हती. त्याने कचेरीतल्या आवाजात सुरुवात केली. "मी एल्डन टीमायर, वाहन परवाना विभाग." मग तो अडखळला, आणि उरलेलं साध्या आवाजात सांगितलं. मोठं चाक, लहान चाक, ताडपत्री टाकून लपवलेले टायर, दहा-बारा महिन्यांची कॉफी. "माझी बायको उत्तम गाडी चालवते," तो म्हणाला. "परीक्षा मी घेतो, मला कळतं. गेल्या वर्षी मीच नापास होतो." एवढं बोलून त्याने माइक खाली ठेवला.

मग कुठूनतरी ऑरिन श्टुम्फचा आवाज आला, "एल्डन, उजवा हात वर कर बघू!" आणि सगळं मैदान फुटलं. लोक मांड्यांवर थापा मारत हसत होते, एकमेकांना उजवा हात दाखवत होते, हार्लन सरांनी चष्मा काढून डोळे पुसले. एल्डनने हे हसू बाराही महिने स्वप्नात ऐकलं होतं. प्रत्यक्षात ते त्या मानाने बरंच बरं निघालं. आणि मग हसता हसता लोक उभे राहिले आणि एकसष्ट नंबरला ओरडून ओरडून जोर देऊ लागले.

गाडीत एवढी पकड होती की बघत राहावं. मागचं डावं चाक मातीत रुतत होतं, पहिल्या वळणात गाडी रुळावरून जावी तशी शिरत होती. आर्लिस पाचवी होती. मग बराच वेळ पाचवीच राहिली. मग अगदी शेवटी, आतल्या बाजूने, तिने एका निळ्या गाडीला मागे टाकलं आणि चौथी आली. शर्यत संपल्याचं चौकडीचं निशाण पडलं तेव्हा मैदानात असा काही गजर झाला की पहिल्या आलेल्या बाईलाही कळेना, हे आपल्यासाठी आहे की कोणासाठी.

एल्डन धावत खाली आला. आर्लिस खिडकीतून बाहेर निघाली, हेल्मेट काढलं. चेहऱ्यावर मातीचे ओघळ होते आणि डोळे लहान मुलीसारखे चमकत होते.

"तेरा झाल्या," ती पहिलं वाक्य बोलली. "बाराची शर्यत होती, तेरा फेऱ्या झाल्या. लव्हॉन झोपली होती का? आणि हे लोक उभे का आहेत? मी चौथी आलेय फक्त."

तेव्हा एल्डनच्या लक्षात आलं. सगळ्या काउंटीने ऐकलं होतं. जत्रेतल्या गाईंनीसुद्धा ऐकलं असावं. नऊ इंजिनांच्या गर्जनेत एका आर्लिसला काही म्हणजे काही ऐकू गेलं नव्हतं.

"मी सांगितलं," तो म्हणाला.

"काय सांगितलंस?"

"चाकांचं. गेल्या वर्षीचं. मी उलटी..."

"ते मला माहीत आहे," आर्लिस म्हणाली.

"कधीपासून?"

"पहिल्या वळणापासून. गाडी माझ्या हातात होती, एल्डन. उजवीकडे ओढत होती. पुढं पुढं मला स्वतःचीच शंका यायला लागली, आपणच तर चुकलो नसू. पण त्या क्षणी मला नक्की कळलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"तू बोलशील म्हणून." ती हे शांतपणे म्हणाली. "आज बोलशील, उद्या बोलशील. वाटाणे सोलताना वाटलं, आता बोलशील. मघाशी पट्टा बांधताना तर मी विचारलंसुद्धा."

"आर्लिस, मी..."

"कोणाकोणाला सांगितलंस?"

एल्डनने हात उचलून प्रेक्षकांकडे दाखवलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत. उजवाच हात होता, आणि तो वर जाताच पुन्हा हशा उसळला. आर्लिसने त्या सगळ्या हसणाऱ्या माणसांकडे पाहिलं. मग नवऱ्याकडे, त्याच्या त्या पांढऱ्या भुवयांकडे. तिने मातीने भरलेला हात त्याच्या गालावर ठेवला आणि तिथेच राहू दिला.

"सगळ्यांनी ऐकलं आणि मीच राहिले होय," ती म्हणाली. तिने हेल्मेट गाडीच्या टपावर ठेवलं, बॉनेटवर नीट बूड टेकलं आणि त्याला शेजारी बसायला जागा केली. "आता परत सांग. पहिल्यापासून. आणि सावकाश सांग, मला घाई नाही."